‘निष्काळजीपणामुळे’ : एका रकान्याचे वाचन

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे सव्वासहा झाले असतील. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोनवर निरोप आला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मराठी सोडून ती नर्सिंगला गेली होती आणि सातारा-सांगली पट्ट्यातल्या एका रुग्णालयात कंत्राटी परिचारिका म्हणून काम करीत होती. निरोपात एकच वाक्य होते आणि त्याखाली विनंती : ‘सर, शुद्धलेखन बघा, रजिस्टरला लिहायचं आहे.’ वाक्य असे : ‘माझ्या निश्काळजीपणामुळे मला सुई टोचली, यापुढे काळजी घेईन.’

मी चहा पीत होतो. ‘निश्काळजीपणा’तला शहामृगाचा श काढून तिथे पोटफोड्या ष घातला, स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम सुचवला आणि वाक्य परत पाठवले. तिचे ‘थँक्यू सर’ आले. वाक्याच्या अर्थाविषयी मी तिला एका शब्दानेही विचारले नाही.

त्या वाक्याचे वाचन आज, पुष्कळ उशिराने, करतो आहे. आपण साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक कवितेतला कर्ता शोधतो, कादंबरीत कोणाला बोलू दिले नाही ते हेरतो. मग दवाखान्याच्या नोंदवहीतल्या वाक्याने असे काय पाप केले आहे की त्याच्या वाट्याला फक्त ऱ्हस्वदीर्घ यावे?

परिचारिका आपसांत बोलताना असे वाक्य कधीच बोलत नाहीत. त्या म्हणतात, ‘प्रिक झालं.’ किंवा नुसतेच, ‘सुई लागली.’ (वाई सातारा जिल्ह्यात आहे, मराठीला हजारो पारिभाषिक शब्द पुरवणारा विश्वकोश तिथे घडला. त्याच जिल्ह्यातल्या वॉर्डांत ह्या जखमेला ‘प्रिक’ म्हणतात. माझी त्याविषयी तक्रार नाही. शब्द लहान आहे, नेमका आहे, आणि ज्यांची जखम त्यांनीच निवडलेला आहे.) ‘मला सुई टोचली’ ह्या रचनेत व्याकरण विलक्षण प्रामाणिक आहे. कर्तेपद सुईकडे आहे; माणूस ‘मला’ होऊन सोसणाऱ्याच्या जागी उभा आहे. बोलीने घटना जशी घडली तशी सांगितली. नोंदवहीत उतरताना मात्र तिच्यापुढे ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ हे दोन शब्द लागतात आणि सोसणारी आरोपी होते. ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय दिसते साधे, पण ‘मूळ’ ह्या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. ज्याला ते चिकटते ते घटनेचे मूळ ठरते आणि पुढे खणायची गरज उरत नाही.

आता थोडे खणू या.

वॉर्डात बत्तीस खाटा, काही रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून, आणि रात्रपाळीला ही एकटी परिचारिका व एक मावशी. रात्री दोनच्या सुमारास एका रुग्णाचे रक्त तपासणीसाठी काढायचे होते. ते काढले. वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची असते, हे तिला ठाऊक होते. तो डबा दाराजवळच्या टेबलापाशी भिंतीला ठोकलेला होता. पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला आत शिरताच दिसावा, ही सोय. खाट आणि डबा ह्यांच्यामध्ये दहा खाटांचे अंतर होते आणि त्या अंतरात नातेवाईक दाटीवाटीने झोपले होते. त्यांच्या हातापायांवरून उघडी सुई घेऊन जायचे कसे? तिने सुईला टोपण लावायचे ठरवले. डाव्या हातात टोपण, उजव्या हातात सुई. तेवढ्यात शेजारी झोपलेल्या कोणाचा तरी पाय तिच्या पोटरीला लागला. सुई टोपणाच्या कडेवरून घसरून डाव्या तर्जनीत गेली.

टोपण पुन्हा लावू नये, सुई हाताने वाकवू नये, तोडू नये. जिथे वापरली तिथेच डब्यात टाकावी. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करावा. आणि टोपण लावण्यावाचून गत्यंतरच नसेल तर ते सपाट जागी आडवे ठेवून एकाच हाताने सुईवर उचलून घ्यावे. हे सारे तिने परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. ही शिकवण नवी नाही. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे समजूनच वागावे, हा दंडक अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ सालीच घालून दिला होता. पण तिच्या आधीची पिढी काचेच्या सिरिंजा उकळून वापरण्याच्या काळात वाढली. तेव्हा सुई ही जपून ठेवायची वस्तू होती आणि तिला टोपण घालणे हे टापटिपीचे लक्षण. हात पाहून शिकतात, आणि ह्या मुलीच्या हातांनी वॉर्डातल्या ज्येष्ठ हातांकडे पाहिले होते.

उघडी सुई घेऊन निजलेल्या माणसांतून चालली असती तर त्यांना धोका; टोपण लावले तर स्वतःला. तिने दुसरा पर्याय निवडला. मराठीत ह्याला निष्काळजीपणा म्हणतात की काळजी?

माझ्या एका सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘सगळेच व्यवस्थेवर ढकलले तर माणसाची जबाबदारी उरते कुठे?’ प्रश्न रास्त आहे. निष्काळजी माणसे असतात. चादरीच्या घडीत सुई विसरणारा डॉक्टर असतो, काळ्या पिशवीत सुया टाकणारा शिकाऊ असतो. त्या सुया पहाटे मावशीच्या नाहीतर मामाच्या हाताला लागतात. (आपल्या इस्पितळांत झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बाईला ‘मावशी’ आणि ढकलगाडी ओढणाऱ्याला ‘मामा’ म्हणतात. नात्यांची ही उधळण करणारे आपण त्यांना लस दिली की नाही हे कधी विचारतो का?) पण गंमत अशी की मावशीला सुई लागली तर नोंद मावशीच्या निष्काळजीपणाची होते. सुई कोणी टाकली, हे विचारणारा रकानाच नसतो. ज्याला जखम झाली त्यालाच जबाबदार धरायचे, हा नियम आपण दुसऱ्या कुठल्या अपघाताला लावत नाही. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरखाली सापडलेल्याला निदान दोन दिवस तरी सहानुभूती मिळते.

पुढचे ऐका. तिने बोट साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतले; हे बरोबर केले. कोणी म्हणाले पिळून रक्त काढ, कोणी म्हणाले स्पिरिट ओत. ही दोन्ही करायची नसतात, आणि बोट तोंडात तर घालायचेच नसते. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळीची पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत घ्यावी, बहात्तर तासांनंतर तिचा उपयोग नाही, आणि सुरू केली तर अठ्ठावीस दिवस घ्यावी, असे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे मार्गदर्शन आहे. गोळ्या रुग्णालयात होत्या. कपाटात होत्या. कपाटाची किल्ली सकाळी नऊला येणाऱ्या गृहस्थांकडे होती. मला निरोप आला तो ह्या मधल्या वेळात. गोळीआधी वाक्य तयार करायला सांगितले गेले होते, आणि त्या वाक्याचे शुद्धलेखन मी तपासत होतो.

सकाळी रुग्णाच्या रक्ताचा अहवाल आला. एचआयव्ही नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, ‘मग झालं तर’ म्हटले आणि तिला घरी पाठवले. त्याच अहवालाच्या खालच्या ओळीत कावीळ ‘ब’चा विषाणू असल्याची नोंद होती. ती ओळ तिनेच वाचली. दुपारी, झोपून उठल्यावर.

सांगायचा मुद्दा असा की आपली भीतीसुद्धा चुकीचे वाचन करते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता हजारात सुमारे तीन. कावीळ ‘क’ची जुन्या अभ्यासांत शंभरात सुमारे दोन धरली जाई, नव्या अभ्यासांत त्याहून पुष्कळ कमी. आणि कावीळ ‘ब’ची, लस न घेतलेल्या माणसाला, शंभरात सहापासून तिसापर्यंत. लस १९८२ पासून उपलब्ध आहे आणि तिच्या तीन मात्रा असतात. ह्या मुलीच्या दोन झाल्या होत्या. तिसरीच्या वेळी तिचे कंत्राट संपून नवे व्हायचे होते आणि मधल्या काळात ती कोणाचीच कर्मचारी नव्हती. अशा अवस्थेत तयार प्रतिद्रव्याचे जे इंजेक्शन लवकरात लवकर, शक्यतो एका दिवसाच्या आत, घ्यावे लागते ते तिने स्वतःच्या पैशाने विकत घेतले. किंमत तिच्या महिन्याच्या मानधनाला चांगलाच खड्डा पाडणारी होती. मग सहा महिने तपासण्या. लग्न ठरत होते, ते पुढे ढकलले. कारण सासरी सांगितले नाही, माहेरीही नाही.

ह्या सगळ्याबद्दल कायदा काय म्हणतो? पुष्कळ काही म्हणतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याने आरोग्यसेवेतल्या आस्थापनांवर सुरक्षित कामाची जागा, सर्वांना सावधगिरीची साधने व प्रशिक्षण, आणि जखमेनंतरचा प्रतिबंधक उपचार देण्याचे बंधन घातले आहे. पण मला त्या २०१६ च्या नियमांतली एक व्याख्या साहित्याचा विद्यार्थी म्हणून फार बोलकी वाटते. ‘मोठा अपघात’ कशाला म्हणावे हे तिथे सांगितले आहे. कचऱ्याची गाडी उलटणे, कचरा पाण्यात मिसळणे हे मोठे अपघात. आणि त्यातून वगळायचे काय, तेही नाव घेऊन सांगितले आहे : सुई टोचण्यासारखे अपघात. मोठ्या अपघाताचा स्वतंत्र अहवाल द्यायचा. बाकीच्यांची माहिती वार्षिक अहवालात. मसुदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. गाडी उलटली तर शेकडो लोकांना धोका, सुई टोचली तर एकाला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या अहवालातला अंदाज असा की जगातल्या साडेतीन कोटी आरोग्यकर्मींपैकी सुमारे तीस लाखांना दर वर्षी अशी जखम होते. एकेकट्याने झालेले तीस लाख अपघात कुठल्या आकाराचे म्हणायचे?

अमेरिकेने नोव्हेंबर २००० मध्ये ह्याच विषयावर स्वतंत्र कायदा केला. मालकाने सुरक्षित उपकरणांचा विचार केलाच पाहिजे, ती निवडताना प्रत्यक्ष सुई हाताळणाऱ्यांचे मत घेतलेच पाहिजे, आणि जखमांची नोंदवही ठेवली पाहिजे. त्या नोंदवहीत काय लिहायचे? उपकरण कोणत्या प्रकारचे व कोणत्या कंपनीचे, घटना कुठे घडली, कशी घडली. जखमी माणसाची ओळख गुप्त राखायची. कोणाची चूक, हा प्रश्नच नाही. अमेरिका सर्व बाबतींत अनुकरणीय आहे असे मला म्हणायचे नाही (मुळीच नाही), पण रकाना कसा आखावा हे शिकायला काय हरकत आहे? आपला रकाना माणसाविषयी विचारतो, त्यांचा सुईविषयी. म्हणजे मराठी बोलीने जे जाणले होते, की कर्ता सुई आहे, ते त्यांच्या कायद्याने मानले आणि आपल्या कार्यालयीन मराठीने खोडले.

आता आपल्याकडे, म्हणजे वॉर्डाबाहेरच्या लोकांकडे वळतो. वापरलेली प्रत्येक सुई ही आधी कोणाला तरी हवी असलेली सुई असते. ‘डॉक्टर, गोळ्या नकोत, सुई मारा’ हे वाक्य कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात ऐकू येते. थकवा आला की सलाईन, सर्दी झाली की इंजेक्शन. सातारा जिल्ह्यातल्या औषधांच्या पुरवठ्याचा आणि वापराचा एक सविस्तर अभ्यास १९९० च्या दशकात डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. अनावश्यक औषधांचे, त्यात इंजेक्शनांचेही, जे चित्र त्यातून पुढे आले ते ह्या जिल्ह्याला भूषणावह नव्हते. पुढे २००२ ते २००४ ह्या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात वर्षाला सुमारे तीनशे कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली ६२.९ टक्के असुरक्षित असतात असे आढळले. रुग्णाच्या बाजूने ह्याची चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. २००९ साली गुजरातेत मोडाशात वापरलेल्या सिरिंजांमुळे पसरलेल्या काविळीने अनेकांचे जीव घेतले. पण गरज नसलेल्या प्रत्येक सुईनंतर एक हात ती उचलतो, हे त्या चर्चेत कितीदा आले? सुईची हौस आपली, डबा भरायचा दुसऱ्याने.

भीतीचे दुसरे एक टोक आहे, त्याविषयीही बोलले पाहिजे. नाहीतर माझ्या लिहिण्याचा भलताच अर्थ काढला जाईल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७-१२) सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे अधिक जोखमीच्या ‘अ’ वर्गात होते. पुणे-बंगळूर महामार्ग, ऊस, स्थलांतर, बाजार. कारणे आपल्याला ठाऊक आहेत. त्या काळात परिचारिकांच्या सुरक्षिततेच्या नावाखाली जे सुचवले जाई ते म्हणजे खाटेवर खूण करा, केसपेपरवर लाल शाईने लिहा, आधी तपासा मग हात लावा. सांगलीत १९९२ पासून काम करणारी ‘संग्राम’ आणि तिच्यासोबत उभी राहिलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ह्या संघटनांनी अशा भेदभावाविरुद्ध सतत आवाज उठवला. पुष्कळांना वाटते की रुग्णाचा मान आणि परिचारिकेची सुरक्षा ह्यांत झगडा आहे. नाही. खूण केलेल्या खाटेपाशी सावध राहणारा हात खूण नसलेल्या खाटेपाशी सैल पडतो. माझ्या विद्यार्थिनीला सुई लागली ती कुठलीही खूण नसलेल्या खाटेपाशीच. सर्व रक्त सारखे समजा, हा नियम रुग्णाला बदनामीपासून आणि परिचारिकेला काविळीपासून एकाच वेळी वाचवतो. त्यासाठी लागतो खाटेजवळ डबा, हातमोजे, लस, आणि रात्री उघडणारे कपाट. लाल शाई स्वस्त पडते एवढेच.

आणि मग ती ‘सेवा’. दर वर्षी १२ मे रोजी भाषणे होतात, मेणबत्त्या लागतात, दिवा घेतलेल्या नाइटिंगेलबाईंची तसबीर मांडली जाते. मला त्या बाईंविषयी नितांत आदर आहे, म्हणूनच ही तसबीर खटकते. नाइटिंगेलबाई मोजणाऱ्या होत्या. क्रिमियन युद्धातले सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच किती अधिक मेले, हे त्यांनी १८५८ साली आकृती काढून सरकारच्या तोंडासमोर धरले. त्यांनी सैनिकांना ‘तुमच्या निष्काळजीपणामुळे’ असे सांगितले नाही. गटारे, हवा, गर्दी ह्यांकडे बोट दाखवले. आपण त्यांचा दिवा ठेवून घेतला आणि आकृती टाकून दिली. सेवा ह्या शब्दाची सोय अशी की तिच्यात धोका हा पुण्याचा भाग होतो. जी सेवा करते तिने हातमोजे मागणे थोडे क्षुद्र वाटते, आणि तिसरी मात्रा मागणे तर हिशेबीपणाच.

मिरजेला १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी रुग्णालय उघडले, तेव्हापासून हे गाव दूरदूरच्या रुग्णांचे माहेर झाले. तंतुवाद्ये करणारे आणि शस्त्रक्रिया करणारे, अशा दोन प्रकारच्या कुशल हातांची कीर्ती एकाच गावाला मिळावी हा सुरेख योगायोग आहे. सतारमेकरांच्या हातांवर आपण लेख लिहिले. सर्जनांची चरित्रे, आत्मचरित्रे मराठीत आवडीने वाचली जातात, मीही वाचली. सिस्टर त्यांत बहुधा दार उघडून आत येते, ‘डॉक्टर, पेशंट सिरियस आहे’ म्हणते आणि दार लोटून निघून जाते. ती दाराबाहेर काय करते हे माझ्या वाचनात फार थोड्या ठिकाणी आले आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचा आणि फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचा हा प्रदेश. राबणाऱ्या देहाचा तपशील हाच साहित्याचा ऐवज आहे, हे ह्याच मातीने मराठीला शिकवले. ते धडे आपण वर्गात घेतो, त्यांवर प्रबंध लिहितो आणि पहाटे सव्वासहाला राबणाऱ्या हाताचे वाक्य समोर आले की त्यातला श दुरुस्त करतो. हे मी इतरांना उद्देशून म्हणत नाही. म्हणजे, केवळ इतरांना नाही.

सहाव्या महिन्यात तिचा शेवटचा अहवाल आला. संसर्ग नव्हता. लग्न नंतर झाले. ती आता दुसऱ्या रुग्णालयात आहे, कायम नाही, पण तिसरी मात्रा झाली आहे.

परवा तिचे ते जुने वाक्य मी नव्याने लिहून तिला पाठवले : ‘रात्रपाळीत बत्तीस खाटांना एक परिचारिका असताना, सुयांचा डबा खाटेपासून दहा खाटा दूर बसवलेला असल्याने व मधल्या जागेत नातेवाईक निजलेले असल्याने, सुईला टोपण लावताना मला सुई टोचली, प्रतिबंधक गोळ्यांचे कपाट सकाळी नऊपर्यंत बंद होते, कावीळ ‘ब’च्या लसीची तिसरी मात्रा मला देण्यात आलेली नव्हती.’ पाठवताना मनात आले की आपले एवढे तरी चोख झाले.

तिचे उत्तर संध्याकाळी आले. ‘सर, रकाना दोन बोटांचा असतो.’ आणि खाली : ‘इथं डबा ट्रॉलीवर असतो. ट्रॉलीचं एक चाक मोडलंय, सांगून तीन आठवडे झाले.’